छापलेली तीन गाणी

शनिवार, ७ तारीख

आज दिवसभर घरात बसून सत्याविषयी लिहिलं. त्यासाठी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागलं नाही.

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या शुक्रवारच्या वर्गात मला पाच व्याख्यानं द्यायची आहेत. पाळकांनी विषय दिला ‘सत्य’, आणि स्वतः दीड महिना परगावी निघून गेले. शहाणा माणूस. माझी निवड का झाली, हे उघड आहे. वडील संस्कृतचे शिक्षक, आई रविवारच्या शाळेत शिकवायची. आमच्या घरी देव मराठीत बोलायचा आणि वडील त्याचं व्याकरण तपासायचे. शिवाय दर मंगळवारी दैनिकात माझं ‘डोळ्यांदेखत’ नावाचं सदर येतं. पाहिल्याशिवाय लिहीत नाही, अशी माझी ख्याती आहे. ती मीच पसरवली, पण पसरली खरी.

संध्याकाळी सहाला मंडळीच्या नव्या वाचनालयाचं उद्घाटन होतं. वृत्तांत माझ्याकडे. व्याख्यान रंगात आलेलं, मध्येच उठणं जिवावर आलं. म्हणून दुपारी तीनलाच निमंत्रणपत्रिका पुढ्यात घेऊन वीस मिनिटांत लिहिला आणि पाठवून दिला. पत्रिकेत सगळं असतं. आपण फक्त ‘होईल’चं ‘झाले’ करायचं. ‘सायंकाळी ठीक सहा वाजता बर्फ कारखान्याच्या व्यवस्थापकांनी उपस्थितांचे हृद्य स्वागत केले. गायकवृंदाने तीन गीते सादर केली. प्रशस्त वाचनालय खचाखच भरले होते.’ टाळ्यांचा कडकडाट पत्रिकेत नसतो, तो आमच्या पदरचा. नैयायिकांनी ज्ञानाची प्रमाणं चारच मानली. निमंत्रणपत्रिका हे पाचवं प्रमाण त्यांना सुचलं नाही, कारण त्यांच्या मागे संपादक लागलेला नव्हता.

आमची ही गायकवृंदात आहे. मागच्या ओळीत येऊन बसतो, असं तिला सांगितलं होतं. साडेआठला परत आली ती घसा बसवून.

“काय झालं?”

“पाच म्हणावी लागली.”

“पत्रिकेत तर तीन होती.”

“हो, पत्रिकेत तीनच होती,” म्हणाली आणि गुळण्या करायला गेली. आतून म्हणाली, “आम्ही उभ्या होतो ना, तिथून मागची ओळ अगदी स्वच्छ दिसते. रिकामी होती.”

लोक कमी आले याचं तिला वाईट वाटलं असावं. माझ्या वृत्तांतात मात्र खचाखच गर्दी होऊन गेली आहे. असो. दोन गाण्यांनी आणि एका ओळीने जग बुडत नाही.

रविवार, ८

पहिल्या पानावर वाईट बातमी. बर्फ कारखान्यात काल संध्याकाळी सहा-सव्वासहाच्या सुमारास अमोनियाची गळती झाली. दोन कामगार रुग्णालयात, त्यातल्या एकाच्या डोळ्यांचं काही सांगता येत नाही. यंत्रावरच्या फिटरला तडकाफडकी घरी बसवलं आहे.

हा फिटर आमच्या समोरच्या दारात राहतो. तो आणि त्याची आई. आमच्या स्वयंपाकघरातला नळ त्याने तीनदा दुरुस्त केला आहे, तिन्ही वेळा मी दुरुस्त केल्यानंतर. हाताने सावकाश. घाईत काही करेल असं वाटत नाही, पण यंत्रापुढे कोणाचं काय सांगावं.

तिसऱ्या पानावर माझा वृत्तांत. बिचाऱ्या व्यवस्थापकांचा उल्लेख एकाच अंकात दोन ठिकाणी आला, पहिल्या पानावर दुःखाचा, तिसऱ्यावर सुखाचा.

उपासनेनंतर वाचनालय समितीच्या चिटणीसांनी हात धरला. वय ऐंशी, उत्साह अठरा. “काय सुंदर लिहिलंत हो! मी तिथेच होतो, पण कार्यक्रम इतका छान झाला हे वाचल्यावर कळलं.”

बुधवार, ११

व्यवस्थापक आज खुद्द कचेरीत आले. आमच्या खोलीला खिडकी नाही, खुर्च्या दोन, त्यातली एक फायलींची. मी फायली उचलून हातात धरल्या आणि ते बसले.

“पत्रकारसाहेब, तुमच्या लेखणीला तोड नाही. मी केलेलं स्वागत मलाच इतकं आठवत नव्हतं.”

मी म्हटलं, “हृद्य होतं.”

“हो ना? हृद्यच.” मग त्या अंकाच्या पंधरा प्रती मागितल्या. एवढ्या प्रती लोक सहसा मुलाच्या लग्नाच्या फोटोच्याही नेत नाहीत. जाताना म्हणाले, तुमच्या पाचही व्याख्यानांची पुस्तिका काढू. माणूस दुःखात आहे, तरी मंडळीचा केवढा विचार करतो.

घरी येऊन हिला सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, “पंधरा?” आणि पुढची मिरची जरा जास्तच बारीक चिरली.

शुक्रवार, १३

चार वाजता समोरच्या मावशी आल्या. फिटरची आई. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या.

“भाऊ, तुम्ही होतात ना तिथं, त्या कार्यक्रमाला?”

मी म्हटलं, “का हो मावशी?”

“आमचा म्हणतो, सहा वाजता साहेब यंत्रापाशी उभे होते. वास यायला लागला तसा हा म्हणाला, बंद करतो. साहेब म्हणाले, बंद केलंस तर सगळा बर्फ पाणी होईल, चालू ठेव. आता साहेब म्हणतात, मी नव्हतोच, मी वाचनालयात स्वागत करत होतो, यानं आपल्या मनानं चालू ठेवलं. आणि पेपर दाखवतात. तुमचा पेपर.” थोडं थांबून म्हणाल्या, “चौकशी लागलीय. यानं केलं असं ठरलं तर तुरुंग आहे म्हणतात. म्हणून म्हटलं, भाऊंनाच विचारू. तुम्ही खोटं लिहायचे नाहीत. तुम्ही सांगा साहेब तिथं होते, की मी घरी जाऊन आमच्या पोराच्याच कानाखाली वाजवते.”

“मावशी, जे आहे ते छापलंय. वाचलंत ना?”

“मला कुठं वाचता येतं, भाऊ. म्हणून तर विचारते.”

मी म्हटलं, व्याख्यानाची वेळ होत आली. ते खरंच होतं. दोन तास होते.

व्याख्यान उत्तम झालं. विषय, ज्ञानाची साधनं. प्रत्यक्ष हे सर्व प्रमाणांत ज्येष्ठ, हे वाक्य तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळी चिटणीसांनी टाळी दिली. घरी येताना जिन्यात थांबलो. समोरच्या दाराखालून उजेड येत होता. आमच्या दोन दारांमध्ये चार पावलांचा चौक आहे. आज तो ओलांडायला बराच वेळ लागला.

शनिवार, १४

मला माहीत नाही. हे आज लिहूनच ठेवतो. व्यवस्थापक सहा वाजता कुठे होते, हे मला माहीत नाही. लाखभर वाचकांना माहीत आहे, मला नाही.

चिटणीसांना सहज म्हणून विचारलं, स्वागत सहालाच झालं ना? “अहो, ठीक सहाला! हृद्य बोलले.” हा शब्द माझा आहे. आणखी दोघांना विचारलं. एक म्हणाला, चहाच्या वेळी हात मिळवला होता बुवा, म्हणजे सुरुवातीलाही असणारच. दुसरा म्हणाला, पेपरात आहे की. म्हणजे ज्यांनी पाहिलं ते माझं वाचून आठवतात, आणि मी त्यांच्यापैकी कोणालाही न विचारता लिहिलं. विहिरीत आपणच ओतायचं आणि आपणच पोहरा सोडून चव बघायची.

हिला विचारावं का? पण मग मी मागच्या ओळीत नव्हतो, हे तिला कळेल.

मंगळवार, १७

संपादकांना सांगितलं. हे मला शास्त्रीबुवा म्हणतात. तीस वर्षांत मंडळीतल्या कोणालाही शास्त्रीबुवा म्हणणारा हा एकच.

“शास्त्रीबुवा, तुम्ही गेला नाहीत, एवढंच ना? मग काय झालं? नगरसभेला कोण जातं? बक्षीस समारंभाला कोण जातं? मागच्या वर्षी आपण एका अध्यक्षांचं भाषण छापलं, ते आदल्या दिवशी आजारी पडून घरी होते. त्यांनी आभाराचं पत्र पाठवलं.”

“पण इथे एक माणूस तुरुंगात जाईल.”

“चौकशी अधिकारी आहे ना. सत्य शोधणं त्याचं काम. आपलं काम अंक वेळेवर काढणं.” मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, तू एक वीट काढशील. भिंत माझ्या डोक्यावर पडेल. आणि ‘डोळ्यांदेखत’चं काय? उद्यापासून काय नाव ठेवायचं, ‘कानोकानी’?”

मला अहो-जाहोवरून एकदम अरे-तुरेवर आणलं, म्हणजे गोष्ट गंभीर आहे.

खोलीला खिडकी नाही हे इतकी वर्षं जाणवलं नव्हतं.

बुधवार, १८

सकाळी दाराच्या भोकातून आधी समोर बघतो, मग बाहेर पडतो. आज कचऱ्याची बादली हातात घेऊन पाच मिनिटं आतच उभा राहिलो. समोर कोणी चपला घालत होतं. ही मागून म्हणाली, “ते दार आपणच लावलंय. आतून उघडतं.”

शुक्रवार, २०

दुसरं व्याख्यान. हिब्रूत ‘आमेन’चं मूळ ‘टेकू देणे, भक्कम असणे’ या अर्थाकडे जातं, असं सांगितलं. आपण सत्य म्हणजे वस्तूशी जुळणारं वाक्य समजतो. त्या जुन्या लोकांच्या लेखी सत्य म्हणजे ज्यावर भार टाकला तर मोडत नाही ते. वाक्यापेक्षा माणसाला लागणारा शब्द. म्हणूनच प्रभूने सत्याची व्याख्या केली नाही, स्वतःकडे बोट दाखवलं. हे मी गेल्या आठवड्यात फार खुशीत लिहून ठेवलं होतं. आज वाचताना टेबलाची कड धरून वाचलं.

फिटर शेवटच्या बाकावर होता. संपल्यावर सगळे गेले तरी तो खुर्च्या लावत राहिला. मी चष्मा पुसत राहिलो. शेवटी काच झिजेल असं वाटलं.

“काका, मला सगळं समजलं नाही. पण ते टेकूचं समजलं. पाइपाचं असंच असतं. नुसता बघून कळत नाही. दाब आला की कळतं धरतो का.”

“बरोबर.”

“एक विचारू? एखादी गोष्ट खरी आहे, पण ती कोणी बोललंच नाही. तर ती खरी राहते का?”

मी म्हटलं, राहते. तत्त्वतः राहते.

“तत्त्वतः,” तो म्हणाला. थट्टा नव्हती, तो शब्द तो हातात घेऊन बघत होता, आट्यांना बसतो का. मग म्हणाला, “तुमचा नळ परत गळतोय, असं काकू म्हणत होत्या. उद्या येतो.”

शनिवार, २१

आला. नळ दुरुस्त करून गेला. मी आतल्या खोलीत झोपेचं सोंग घेऊन पडलो होतो. स्वयंपाकघरात ही आणि तो बराच वेळ हळू आवाजात बोलत होते. वॉशरविषयी असणार.

सोमवार, २३

साक्षीला बोलावणं आलं. गुरुवारी सकाळी अकरा.

संध्याकाळी व्यवस्थापकांच्या वकिलांनी घरी येऊन दोन कप चहा घेतला. गोड माणूस. चहात साखर नको म्हणाला, ते उगाच नव्हे.

“तुम्हाला एकच प्रश्न येईल. कात्रण दाखवतील, विचारतील, हा वृत्तांत तुमचा का? तुम्ही म्हणायचं, हो, माझा. संपलं.”

“पण मी तिथे…”

त्यांनी हात वर केला. “साहेब, जे विचारलं नाही त्याचं उत्तर देणं हा साक्षीचा दोष आहे. वृत्तांत तुमचा आहे की नाही?”

“आहे.”

“मग यात खोटं कुठे आहे?”

कुठेच नाही. मी वाक्य उलटसुलट करून पाहिलं. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं शुद्ध. ‘नरो वा कुंजरो वा’ची ही सुधारून वाढवलेली आवृत्ती. त्यात निदान अर्धं हळू म्हणावं लागायचं. इथे सगळं मोठ्याने म्हणायचं आणि सगळं खरं.

अर्धा तास फार हलकं वाटलं. मग जेवायला बसलो आणि अर्धी पोळी ताटात ठेवून उठलो.

ही दुपारी कुठेतरी बाहेर गेली होती. विचारलं तर म्हणाली, “एक नाव द्यायचं होतं.” कसल्या तरी यादीत असेल. गायकवृंदात नव्या बायका घेताहेत.

मंगळवार, २४

तिसऱ्या व्याख्यानाला बसलो. प्रभूचा न्याय करायला बसलेल्या त्या रोमी सुभेदाराचा प्रसंग घेतला होता, ज्याने ‘सत्य काय असतं’ असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता बाहेर निघून गेला. लहानपणी वाटायचं, थांबला असता तर उत्तर मिळालं असतं. आज दिसलं की उत्तर त्याच्यासमोर उभंच होतं, हात बांधून आणलेलं. त्या खोलीत बांधलेला एक आणि मोकळा एक. मोकळ्याला खुर्ची होती, शिपाई होते, हात धुवायला पाणी होतं. आणि तरी तो जाऊ शकत होता ते फक्त दाराबाहेरच्या गर्दीकडे आणि परत आत, परत बाहेर, परत आत. बांधलेला मात्र एका जागी उभा होता आणि त्याला कुठे जायचंच नव्हतं.

एवढं लिहून थांबलो. पुढची ओळ त्या सुभेदाराविषयी नव्हती.

कागद फाडला. बादली भरली होती. ओतायला चौक ओलांडावा लागतो, म्हणून तशीच ठेवली.

बुधवार, २५

हिने आज रविवारचे कपडे इस्त्री केले. बुधवारी. आपले आणि माझेही. म्हटलं, “कुठे जायचंय?” म्हणाली, “तुम्हाला उद्या अकराला जायचंय ना?” म्हटलं, “मला. तुला कुठे?”

“मलाही थोडं बाहेर काम आहे.” इस्त्री फिरवत राहिली. मग म्हणाली, “तुम्ही उद्या काय सांगणार?”

मी म्हटलं, “जे विचारतील ते.”

इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबली. सदऱ्याच्या बाहीवर पिवळट डाग पडला आहे. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, तिच्या हातून कापड जळालेलं मी आज पहिल्यांदा पाहिलं. घसा अजून बरा नसेल, म्हणून लक्ष नसावं.

आज प्रार्थनेला बसलो आणि काही सुचलं नाही. एवढंच म्हटलं की उद्या संप होऊ दे, अधिकारी आजारी पडू दे, कात्रण हरवू दे. देवाने तिन्ही अर्ज दप्तरी दाखल करून घेतले असावेत. कार्यवाही शून्य.

गुरुवार, २६

दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली. एका टोकाला चौकशी अधिकारी, पन्नाशीच्या बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांच्यासमोर साक्षीदाराची खुर्ची. भिंतीला बाकडं, त्यावर फिटर, त्याच्या शेजारी मावशी, मांडीवर पिशवी धरून. पलीकडे व्यवस्थापक आणि वकील. साक्षीदारांना बसायला बाहेर वेगळी खोली, दार लोटलेलं. मला जिन्यावरूनच आधी आत घेतलं.

शपथ झाली. बाईंनी कात्रण पुढे केलं. माझं अक्षरन्‌अक्षर, जरा पिवळं पडलेलं.

“हा वृत्तांत आपण लिहिला?”

“हो, माझा आहे.”

वकील मागे रेलले. बाईंनी काहीतरी टिपलं, चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “ठीक. जा आपण.”

एवढंच. मी सुटलो. उठलो, दाराकडे निघालो. बाकड्यावरून मावशींनी मला जायला जागा व्हावी म्हणून पाय आखडून घेतले, पिशवी पोटाशी घेतली. माझ्याकडे पाहिलंही नाही. रागावल्या होत्या असं नाही. मी छापलं ते त्यांनी मान्य करून टाकलं होतं. शेजारी फिटर आपल्या हातांकडे बघत होता. घरी गेल्यावर ह्याच्या कानाखाली वाजवणार का मावशी, असा एक वेडगळ विचार मनात आला, आणि दाराची कडी हातात असताना मला कळलं की हे दार उघडून मी जिथे जाणार आहे ती खोली याहून लहान आहे.

परत फिरलो.

“बाई, एक राहिलं.”

वकील म्हणाले, “साक्ष झालेली आहे.”

बाई म्हणाल्या, “बोला.”

“वृत्तांत माझा आहे. पण मी तिथे नव्हतो.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

“म्हणजे? मग हे लिहिलं कशावरून?”

“निमंत्रणपत्रिकेवरून. दुपारी तीन वाजता.”

कोपऱ्यातला कारकून फस्‌कन हसला आणि खोकल्याचं निमित्त केलं. बाई हसल्या नाहीत. “तुम्ही त्या वेळी कुठे होतात?”

“घरी. व्याख्यान लिहीत होतो.”

“कशावर?”

सांगावं लागलं. आता कारकुनाला खोकलाही पुरेना. व्यवस्थापक भिंतीकडे बघत होते.

“स्वागत कोणी केलं, केव्हा केलं, हे मी पाहिलेलं नाही. मी लिहिलं की तीन गाणी झाली. झाली पाच.”

“हे तरी कशावरून?”

“बायकोचा घसा बसला होता.” हे म्हणताना, तोंडातून शब्द जात असतानाच, तीन आठवडे समोर पडलेली गोष्ट मला दिसली. सहा वाजता स्वागत करणारा माणूस आला असता तर दोन गाणी जास्त कशाला म्हणावी लागली असती? त्या बायका वेळ काढत होत्या. कोणाची तरी वाट बघत होत्या. मी म्हटलं, “बाई, त्या दोन गाण्यांविषयी माझ्या बायकोला विचारायला हवं.”

बाईंनी समोरचा कागद बोटाने खाली वाचत नेला.

“विचारणारच आहोत,” त्या म्हणाल्या. “पुढच्या साक्षीदार त्याच आहेत. सोमवारी स्वतः येऊन नाव देऊन गेल्या.”

दार उघडलं. ही आत आली, रविवारच्या कपड्यांत. माझ्याकडे बघून तिने फक्त माझ्या बाहीवरचा डाग वर दुमडून झाकला, आणि खुर्चीवर जाऊन बसली.

त्याच दिवशी, घरी

चहा ठेवल्यावर मी म्हटलं, “मी कडी उघडून बाहेर आलो असतो तर?”

“तर मी आत गेले असते.”

“माझ्याविरुद्ध?”

“दोन गाण्यांच्या बाजूने.” कपात चहा ओतला. “तुम्ही आत किती वेळ आहात ते मी घड्याळात बघत होते. ‘हो, माझा आहे’ एवढ्याला एक मिनिट लागतं. तीन मिनिटं झाली तेव्हा मी पहिल्यांदा श्वास सोडला.”

“मला आधी का नाही सांगितलंस? पहिल्याच दिवशी?”

“सांगितलं की. पाच म्हणावी लागली, म्हटलं. मागची ओळ रिकामी होती, म्हटलं. तुम्ही एकदा तरी विचारलंत, का?”

नाही विचारलं. विचारायचा माझा धंदा आहे.

“आणि तो फिटर? नळाच्या दिवशी?”

“तो म्हणत होता, काकांना त्रास देऊ नका, ते अडकलेत. त्याच्या लक्षात आलं होतं. यंत्रं बघणारा माणूस आहे.”

शनिवार, २८

निकाल यायला महिना आहे. व्यवस्थापक रजेवर. फिटर अजून घरीच. मात्र काल कारखान्यातले आणखी दोन कामगार पुढे येऊन म्हणाले, साहेबांना यंत्रापाशी आम्हीही पाहिलं होतं. इतके दिवस का बोलला नाहीत, विचारलं तर म्हणाले, पेपरात वेगळं होतं.

तिसरं व्याख्यान काल झालं नाही. चिटणीसांनी चिठ्ठी पाठवली, ‘वर्ग तूर्तास स्थगित’. मंडळीत काहीजण मला नमस्कार करतात, काहीजण बाजूच्या झाडाला. ‘डोळ्यांदेखत’ बंद. मला हवामान आणि हरवले-सापडले यांवर बसवलं आहे, त्याच खिडकी नसलेल्या खोलीत. संपादक म्हणाले, हवामानासाठी खिडकी लागत नाही, तारेने येतं. पुन्हा अहो-जाहो करतात. ते काही चांगलं लक्षण नाही.

खुलासा आज छापून आला, सातव्या पानावर, हरवलेल्या छत्रीच्या खाली.

दुपारी वाचनालयात गेलो. पहिल्यांदा. मावशी आधीच तिथे, बाकावर, अंक मांडीवर.

“वाचून दाखवा, भाऊ.”

मी वाचलं. “दिनांक आठच्या अंकातील वाचनालय उद्घाटनाचा वृत्तांत आमच्या बातमीदाराने प्रत्यक्ष उपस्थित न राहता लिहिला होता. स्वागत कोणी व केव्हा केले हे त्याने पाहिलेले नाही. बातमीदार दिलगीर आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“परत वाचा.”

परत वाचलं. त्या ओठ हलवून माझ्याबरोबर म्हणत होत्या, पाठ करत होत्या. मग म्हणाल्या, “यात टाळ्या नाहीत वाटतं.” आणि अंक घडी करून पिशवीत ठेवला.

पुढचं नोंदवून ठेवतो, कारण हे कोणी छापणार नाही.

वाचनालय प्रशस्त नाही. लांबी अकरा पावलं, रुंदी सात. खिडक्या दोन, पैकी एक उघडत नाही. बाकं सहा, त्यांतलं एक डगमगतं. त्याच्या पायाखाली माझ्याच वृत्तांताची घडी घातलेली आहे. ती मी काढली नाही. बाकाला टेकू तिचाच आहे. भाषण झालं नाही, गाणं झालं नाही. सव्वातीनला फिटर पान्हा घेऊन आला आणि न उघडणाऱ्या खिडकीशी झटू लागला. उपस्थित: तो, त्याची आई, मी. तीन वाजून पन्नास मिनिटांनी खिडकी बोटभर उघडली. हे मी पाहिलं. मी तिथे होतो.